नाणं उडवणारा नृत्यदिग्दर्शक आणि माझी बिघडलेली प्लेट



आजचा विषय जरा वेगळा आहे. सांख्यिकीच्या पुस्तकात 'रँडमायझेशन' हा शब्द आपण सगळ्यांनीच वाचलेला असतो. परीक्षेत व्याख्याही लिहिलेली असते. पण तो माझ्या डोक्यात खऱ्या अर्थाने शिरला तो एका माहितीपटामुळे, आणि तोही नृत्यावरच्या!

माहितीपटाचं नाव 'कनिंगहॅम'. दिग्दर्शिका अल्ला कोवगन, वर्ष २०१९. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम (१९१९-२००९) आणि त्यांची नृत्य कंपनी यांचं हे चित्रण आहे. मला नृत्यातलं फारसं कळत नाही, हे आधीच सांगते. पण संशोधनाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने हा माहितीपट बघावा असं मला वाटतं. का, ते सांगते.

आधी माझी फजिती

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी वनस्पतींच्या अर्काचा पेशींच्या वाढीवर काय परिणाम होतो ते बघत होते. ९६ खळग्यांची प्लेट असते, ती भरायची, इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, नंतर रीडिंग घ्यायचं. अर्क न दिलेल्या, म्हणजे कंट्रोलच्या पेशी मी दर वेळी पहिल्याच ओळीत, अगदी कडेला भरायचे. कारण काही नाही, हाताला सवय! निकाल मात्र झकास येत होते. अर्क दिलेल्या पेशी कंट्रोलपेक्षा जोमाने वाढत होत्या. तीन महिने मी खुशीत होते.

सहामाही प्रगती अहवालाच्या आधी गाइड मॅडमनी प्लेटचा आराखडा बघितला आणि एवढंच विचारलं, "कंट्रोल कायम कडेलाच का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडेच्या खळग्यांतून बाष्पीभवन जास्त होतं, तिथलं माध्यम घट्ट होतं आणि पेशींची वाढ मंदावते. कंट्रोल मधल्या खळग्यांत घेतल्यावर फरक गायब झाला. म्हणजे मी तीन महिने अर्काचा नाही, प्लेटच्या कडेचा परिणाम मोजत होते. तो सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला आणि समितीसमोर तसं सांगावंही लागलं.

सवयीवर उपाय : नाणं

आता कनिंगहॅमकडे येऊ. हा माणूस आधी मार्था ग्रॅहम यांच्या कंपनीत नाचत होता. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये त्याने स्वतःची कंपनी उभी केली. त्याच्यासमोरचा प्रश्न माझ्यासारखाच होता : शरीर सवयीचं गुलाम असतं. उजवीकडे वळल्यावर पुढचं पाऊल कुठे पडणार, हे नर्तकाला कळायच्या आधी त्याच्या पायाला कळतं. मग नवीन काही सापडणार कसं?

त्याने उपाय काढला तो असा. आधी तक्ते करायचे. एका तक्त्यात हालचाली, दुसऱ्यात कालावधी, तिसऱ्यात रंगमंचावरच्या जागा. मग नाणं उडवायचं आणि कोणती हालचाल, किती वेळ, कुठे, ते नाण्यावर सोडायचं. हा विचार त्याचा जोडीदार, संगीतकार जॉन केज याच्यासोबत वाढत गेला. केज 'यी जिंग' या चिनी ग्रंथातली कौल लावण्याची पद्धत संगीतरचनेसाठी वापरत असे.

यात एक धागा आपल्याकडचाही आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला होत्या. त्यांनी केजकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं आणि त्याला भारतीय संगीत शिकवलं. पुढे कनिंगहॅमने १९५१ मध्ये 'सिक्स्टीन डान्सेस' ही रचना केली ती चक्क आपल्या नवरसांवर! आणि नाणं उडवून क्रम ठरवण्याचा प्रयोग त्याने पहिल्यांदा केला तोही याच रचनेत.

रँडम म्हणजे 'कसंही' नव्हे

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. नाणं उडवून ठरलेला नाच म्हणजे मनाला येईल तसा नाच, असं वाटतं. उलट आहे! नाणं फक्त आराखडा ठरवताना. एकदा ठरलं की नर्तकाने ते काटेकोर पाळायचं. नाच आणि संगीत वेगवेगळं तयार व्हायचं, त्यामुळे नर्तकांना संगीताच्या ठेक्याचा आधार नसायचा. तालमी शांततेत आणि हातात स्टॉपवॉच! कित्येकदा संगीत पहिल्यांदा कानावर पडायचं ते थेट प्रयोगाच्या दिवशी.

आपल्या प्रयोगातही हेच. कोणता नमुना कोणत्या खळग्यात, हे यादृच्छिक क्रमाने ठरवायचं. पण पिपेटिंग अचूकच हवं. आणि लक्षात ठेवा, रँडमायझेशनने कडेचा दोष नाहीसा होत नाही. तो एकाच गटाच्या वाट्याला सतत येत नाही, इतकंच. पण तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

अर्थात तुलना फार ताणायची नाही. कनिंगहॅमला नवीन हालचाल शोधायची होती, आपल्याला कारण शोधायचं असतं. हेतू वेगळे, पण अडथळा एकच : आपलीच सवय.

माहितीपटाकडून दोन धडे

पहिला, व्याप्ती. कनिंगहॅमने २००९ मध्ये नव्वदाव्या वाढदिवशीही नवी रचना सादर केली होती. माहितीपट मात्र १९४० च्या दशकापासून १९७२ पर्यंतच थांबतो. पुढची ३७ वर्षं सोडून दिली आहेत. पण घेतलेला काळ नीट खणला आहे. प्रबंधाचा विषय ठरवताना 'सगळंच घेऊ' असं वाटेल, तेव्हा हे आठवा.

दुसरा, पुराव्याचे प्रकार. यात जुनी चित्रफीत आणि जुने आवाज आहेत, आणि कंपनीच्या शेवटच्या पिढीतल्या नर्तकांनी त्रिमितीय कॅमेऱ्यासमोर नव्याने केलेले नाचही आहेत, कधी जंगलात, कधी गच्चीवर. मूळ नोंद कोणती आणि पुनर्रचना कोणती, हे बघताना ओळखू येतं. आपल्या साहित्य आढाव्यातही मूळ शोधनिबंध आणि त्याबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं असं वेगळं दिसायला हवं.

गुरू गेल्यावर काय उरतं?

मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट माहितीपटाच्या बाहेरची आहे. कनिंगहॅमने हयातीतच ठरवून ठेवलं होतं, की आपल्यामागे कंपनीने दोन वर्षांचा दौरा करायचा आणि मग बंद व्हायचं. शेवटचा प्रयोग ३१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कला झाला. पण रचनांच्या नोंदी, चित्रफिती, वेशभूषा, प्रकाशयोजना, संगीत यांचे संच रचनावार करून ठेवले, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालाही तो नाच उभा करता येईल.

आता तुमची लॅबची वही उघडा. 'मिश्रण थोडा वेळ हलवले' असं कुठे लिहिलंय? किती मिनिटं, किती वेगाने? तुम्ही लॅब सोडून गेल्यावर तुमच्या जागी येणाऱ्या ज्युनियरला त्यावरून तुमचा प्रयोग परत करता येईल का?

माझ्या वहीत अशी सतरा वाक्यं सापडली. कालच दुरुस्त करायला बसले होते, आणि खरं सांगू? त्यातल्या पाच ठिकाणी मी किती वेळ हलवलं होतं, ते मलाच आठवत नाही. ते पाचही प्रयोग आता पुन्हा करणार आहे, आणि या वेळी कंट्रोल कडेला नसेल.