सावित्रीच्या पाण्यातलं मँगनीज

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना वरच्या पठाराच्या कडेला जांभ्याचा तांबडा थर दिसतो. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधलं विरघळणारं बरंच काही धुऊन नेलं, लोह मागे राहिलं, त्याचाच हा रंग. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मुबलक असतं, मँगनीज मात्र नावापुरतं. पाण्यातल्या जिवाणूला ते नावापुरतंच, पण हमखास लागतं.

जिवाणूचं पेशीपटल म्हणजे तेलकट पडदा. विद्युतभार असलेला धातूचा कण तो आपणहून ओलांडू शकत नाही, त्याला प्रथिनाचं दार लागतं. ‘एनरॅम्प’ कुळातली अशी दारं जिवाणूपासून माणसापर्यंत सापडतात. आपल्या आतड्यात लोह शोषून घेणारं दारही याच कुळातलं. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जिवाणूच्या दारात चारशेहून अधिक अमिनो आम्लांची माळ अकरा वेळा पटल ओलांडते. तिची घडी नीट बसली की मधोमध धातूपुरती एक खोली तयार होते. तिला दोन कवाडं. बाहेरचं उघडलं की आतलं मिटलेलं, आतलं उघडलं की बाहेरचं मिटलेलं.

जनुकातलं एक अक्षर बदललं की या माळेतला एखादा मणी बदलू शकतो. ‘उत्परिवर्तनाने प्रथिन बिघडतं’ असं आपण सरसकट म्हणतो, ते मला अपुरं वाटतं. कधी घडीच बसत नाही. मग पेशीतली विकरं ते प्रथिन कापून टाकतात आणि दार मुळात उभंच राहत नाही. पण घडी अगदी ठीक बसूनही दार अडू शकतं. हार्वर्ड विद्यापीठातल्या रॅशेल गोडे यांच्या गटाने याच जिवाणूच्या दारातलं 223व्या जागेवरचं चिमुकलं ग्लायसीन काढून तिथे धिप्पाड ट्रिप्टोफॅन बसवलं. 2019 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या रचनेत बाहेरचं कवाड सताड उघडं अडकलेलं दिसतं, आणि खोलीत मँगनीज बसून आहे. आलं, पण आत जाईना. एका मण्याचा फरक लोहाच्या दारालाही भोवतो: छोट्या उंदरांच्या एका वाणात आणि मोठ्या उंदरांच्या बेलग्रेड नावाच्या वाणात आतड्यातल्या दाराच्या 185व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन आलं आहे. दोन्ही वाणांना जन्मजात रक्तक्षय असतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो तिसरा प्रकार. डायनोकॉकसच्या दारातल्या खोलीत 230व्या जागी गंधकयुक्त मिथिओनिन असतं. त्याच गटाने 2016मध्ये ते बदलून साधं अॅलॅनीन बसवलं. दार चालू राहिलं, पण त्याची निवड बदलली. एरवी अडवले जाणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आत शिरू लागले, कॅडमियम मात्र कमी झालं. म्हणजे हे मिथिओनिन भोवतालच्या मुबलक कॅल्शियमच्या लोंढ्यातून दुर्मीळ मँगनीज वेचून देतं, आणि त्याची किंमत म्हणून विषारी कॅडमियमलाही वाट मोकळी राहते. गंधकाला कॅडमियमची ओढ आहेच. कॅडमियम क्वचितच भेटणाऱ्या जिवाणूला हा सौदा परवडला असावा. नदीकाठी रासायनिक कारखान्यांची वसाहत असलेल्या महाडकरांनी हे जरूर ध्यानात घ्यावं: विष बहुधा स्वतःचं दार शोधत नाही, गरजेच्या धातूसाठी ठेवलेल्या दारानेच येतं.

मग हेच दार सुधारून नदी साफ करणारे जिवाणू घडवता येतील का? दारात फेरफार करायला जावं तर कॅल्शियम घुसतं, हे वर आलंच आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री कुमार आपटे यांच्या गटाने वेगळी वाट धरली. डायनोकॉकस किरणोत्साराला दाद देत नाही, माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा तो सोसतो. त्यात त्यांनी फॉस्फेट मोकळं करणाऱ्या विकराचं जनुक घातलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात विरघळलेलं युरेनियम फॉस्फेटशी जोडलं जाऊन साक्यासारखं बाहेर पडलं. ते पेशीच्या आत घ्यावंच लागलं नाही.