वर्तुळाकार साखळी-यादी
वर्तुळाकार साखळी-यादी : संगणकाच्या स्मृतीत माहिती क्रमवार ठेवण्याची एक रचना. हिच्यातील प्रत्येक घटक आपल्या पुढील घटकाचा पत्ता बाळगतो आणि शेवटचा घटक पहिल्याचा पत्ता बाळगतो, त्यामुळे यादीचे एक बंद कडे तयार होते. संगणकक्षेत्रात ही रचना ‘सर्क्युलर लिंक्ड लिस्ट’ या नावाने ओळखली जाते. हिच्या घटकास ‘नोड’ म्हणतात. नोडचे दोन भाग असतात : एकात प्रत्यक्ष माहिती आणि दुसऱ्यात पुढील नोडचा स्मृतीतील पत्ता, म्हणजे निर्देशक, असतो.

सरणीतील घटक स्मृतीत लगतच्या जागी असतात. मध्येच नवा घटक घालावयाचा झाल्यास त्यापुढील सर्व घटक सरकवावे लागतात. साखळी-यादीत मात्र एकदोन निर्देशक बदलले की काम भागते. साध्या साखळी-यादीतील अखेरच्या नोडचा निर्देशक रिक्त असतो व तीच शेवटाची खूण ठरते. वर्तुळाकार यादीत अशी खूण नसते. कडे कोठे संपले हे प्रोग्रॅमनेच ठरवावे लागते. या यादीची उपयुक्तता आणि तिच्यात उद्भवणारे बहुतेक दोष या दोहोंचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

इतिहास : साखळी-यादीची कल्पना ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ व हर्बर्ट सायमन यांनी १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये ‘इन्फर्मेशन प्रोसेसिंग लँग्वेज’ या भाषेसाठी विकसित केली. डॉनल्ड कनूथ यांनी द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग या ग्रंथाच्या १९६८ मधील पहिल्या खंडात वर्तुळाकार यादीचे स्वतंत्र विवेचन केले व बहुपदींच्या बेरजेसाठी तिचा उपयोग दाखविला.

वस्तुकेंद्री प्रोग्रॅमिंगशी या यादीचा संबंध आरंभापासूनचा आहे. या पद्धतीत माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया ‘वर्ग’ नावाच्या एकाच साच्यात बांधतात. त्या साच्यावरून घडविलेल्या प्रत्येक नगास ‘वस्तू’ म्हणतात. ओले-योहान दाल व क्रिस्टेन निगॉर्ड यांनी ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात तयार केलेली सिम्युला ६७ ही वर्ग व वस्तू या संकल्पना प्रथम रूढ करणारी भाषा होय. तिच्यासोबत ‘सिमसेट’ नावाचा तयार वर्ग दिलेला असून तो दुहेरी निर्देशकांची वर्तुळाकार यादी पुरवितो. त्यात ‘हेड’ नावाची एक वस्तू कड्यात सांधा म्हणून बसविलेली असते. अखेरच्या घटकाचा निर्देशक आतून या सांध्याकडे वळलेला असतो. परंतु बाहेरून ‘पुढचा कोण?’ असे विचारल्यास ‘कोणी नाही’ असेच उत्तर मिळते. कडे आत राहते, वापरणाऱ्यास मात्र नेहमीची यादी दिसते.

अंमलबजावणी : सामान्यतः दोन वर्ग योजतात. ‘नोड’ या वर्गात ‘माहिती’ व ‘पुढचा’ हे दोन गुण असतात. ‘यादी’ या वर्गात ‘शेवट’ हा निर्देशक आणि घटकांची ‘संख्या’ ठेवतात. पहिल्याऐवजी शेवटच्या नोडचा पत्ता ठेवणे सोयीचे असते. कारण शेवटचा माहीत असला की त्याचा ‘पुढचा’ म्हणजे पहिला नोड एका पायरीत मिळतो व दोन्ही टोकांस संपूर्ण यादी न चालता नवा नोड घालता येतो. हे गुण खाजगी ठेवून त्यांत फेरफार करण्याचा अधिकार केवळ वर्गातील क्रियांनाच देतात.

नवा नोड शेवटी घालताना क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम नव्याचा ‘पुढचा’ जुन्या शेवटाच्या ‘पुढचा’कडे, म्हणजे पहिल्या नोडकडे, वळवावा, मग जुन्या शेवटाचा ‘पुढचा’ नव्याकडे वळवावा, अखेरीस ‘शेवट’ नव्यावर आणून ‘संख्या’ एकाने वाढवावी. यादी रिकामी असल्यास नव्या नोडचा ‘पुढचा’ तो स्वतःच असतो. नोड काढताना तो एकमेव असल्यास ‘शेवट’ रिक्त करावा लागतो, तर अखेरचा नोड काढताना ‘शेवट’ त्याच्या मागील नोडवर आणावा लागतो.

दोष व त्यांचा शोध : रिक्त निर्देशक येईपर्यंत चालत राहण्याची साध्या यादीतील सवय येथे घातक ठरते, तो कधीच येत नाही व आवर्तन अखंड चालू राहते. याउलट ‘पहिल्या नोडपाशी नसेपर्यंत चाल’ अशी अट आवर्तनाच्या आरंभी घातल्यास प्रारंभच पहिल्या नोडपाशी असल्याने एकही पाऊल पडत नाही. म्हणून आधी पाऊल व नंतर तपासणी असा क्रम ठेवतात. फेरी चालू असताना आरंभाचा नोडच काढून टाकला गेल्यास थांबण्याची अट कधीही पूर्ण होत नाही.

निर्देशक उलट क्रमाने बदलल्यास होणारा दोष अधिक फसवा असतो. समजा यादीत तीन नोड आहेत व चौथा घालताना जुन्या शेवटाचा ‘पुढचा’ आधीच नव्याकडे वळविला. आता पहिल्या नोडचा पत्ता कोठेच उरत नाही. नवा नोड स्वतःकडेच निर्देश करतो आणि ‘शेवट’ त्याच्यावर आल्यावर पहिले तिन्ही नोड हरवतात. प्रोग्रॅम थांबत नाही, तक्रारही करीत नाही. एका नोडचे निर्दोष दिसणारे कडे तेवढे उरते. माहिती नाहीशी झाल्याचे पुष्कळ नंतर, भलत्याच ठिकाणी लक्षात येते.

अशा दोषांवर उपाय म्हणजे यादीने सदैव पाळावयाचा नियम स्पष्टपणे लिहून ठेवणे : ‘शेवट’पासून निघून ‘संख्या’इतकी पावले टाकली असता त्याच नोडवर परत यावे, त्यापूर्वी येऊ नये. हा नियम तपासणारी एक क्रिया वर्गातच लिहून चाचणीच्या काळात प्रत्येक फेरफारानंतर ती चालवितात. वरील उदाहरणात ‘संख्या’ चार असून एकाच पावलात परतणे घडते, त्यामुळे दोष जागच्या जागी उघड होतो. रिकामी, एका नोडची व दोन नोडांची यादी या तीन स्थितींत प्रत्येक क्रिया करून पाहणे आवश्यक समजतात.

‘संख्या’वरच विश्वास नसल्यास रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाणारी ससा-कासवाची रीत वापरतात. ‘शेवट’पासून कासव एकेक व ससा दोनदोन नोड पुढे जातो, कडे असल्यास दोघे केव्हातरी एका नोडवर येतात. मग कासवास पुन्हा आरंभी आणून दोघांना एकेक नोड चालविले असता ते कड्याच्या प्रवेशस्थानी भेटतात. हे स्थान ‘शेवट’ नसेल, तर कोणतातरी निर्देशक मध्येच चुकीचा वळला आहे असे समजावे. मात्र वरील हरवलेल्या नोडांचा दोष या रीतीने सापडत नाही, कारण उरलेले कडे बिनचूक असते. म्हणून दोन्ही तपासण्या परस्परांस पूरक आहेत.

स्मृती मोकळी करतानाही काळजी घ्यावी लागते. वस्तूकडे निर्देश करणाऱ्यांची गणना शून्य झाली की ती स्मृतीतून काढावयाची, या पद्धतीत कड्यातील प्रत्येक नोडकडे दुसरा कोणीतरी निर्देश करीत असल्याने गणना शून्यावर येत नाही. निरुपयोगी झालेले कडे स्मृती अडवून बसते. अशा वेळी प्रथम कडे एका ठिकाणी तोडावे लागते.

उपयोग : अनेक कामांना संगणकाचा वेळ आळीपाळीने वाटून देण्यासाठी, तसेच पाळीपाळीने चालणाऱ्या खेळांसाठी ही यादी सोयीची आहे. इतिहासकार फ्लेव्हियस जोसीफस यांच्या नावाचा प्रश्न हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय : वर्तुळात उभ्या असलेल्यांपैकी दर तिसऱ्यास वगळत गेल्यास अखेर कोण उरतो? सात व्यक्ती असल्यास ३, ६, २, ७, ५, १ या क्रमाने वगळल्या जाऊन चौथी उरते. हे उदाहरण चालवून पाहिल्यास पहिला, मधला व अखेरचा असे सर्व प्रकारचे नोड काढले जातात. म्हणून ते नव्या वर्गाची चांगली परीक्षाही ठरते.