प्लेट बदलली, पण तेल कुठून आलं?

संध्याकाळी पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या तळेगाव चौकाच्या अलीकडे, माल भरलेल्या पिकअपच्या ड्रायव्हरचा डावा पाय पेडलवरून निघतच नाही. हाफ क्लचवर चार हात सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. क्लच प्लेटचं अस्तर झिजतं ते वेगात नव्हे, या सरकण्यात.

पिकअप तशी इथलीच लेक. टेल्कोची टाटामोबाइल 1988 साली पुण्याच्या कारखान्यातून आली आणि तिच्याच पायावर 1994 ची सुमो उभी राहिली. टाटाच्या जुन्या 207 पिकअप अजूनही कांदा-बटाटा वाहताना दिसतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आमच्या घरच्या पिकअपचा अख्खा क्लच सेट एका गॅरेजात बदलून घेतला. महिन्याभरात खेडच्या चढावर इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी उठेना. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, तर नवी प्लेट तेलाने काळी चकचकीत! क्रँकच्या मागचं सील गळत होतं. पहिल्या वेळीच ते कुणी पाहिलं असतं, तर एक सेट आणि दोन दिवसांची मजुरी वाचली असती.

‘क्लच गेला’ या एका वाक्यात दोन उलटे आजार असतात. स्लिप म्हणजे प्लेट पकडत नाही. ड्रॅग म्हणजे सोडत नाही. स्लिप पाहायची तर मोकळ्या सपाट जागी चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढा, गाडी तिसऱ्यात टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर पकड आहे. फिरतच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच घ्या, नाहीतर उरलेलं अस्तरही जळेल.

तरीही लगेच गिअरबॉक्सला हात लावू नका. आधी बोटाने पेडल दाबून पाहा. सुरुवातीला थोडा मोकळा प्ले हवा. तो अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटवर दाबून राहतं आणि चांगली प्लेटही स्लिप मारते. काम पाना फिरवण्याचं, बिल मात्र सेटचं, असं इथेच होतं.

रिव्हर्स टाकताना कर्रकर्र होत असेल तर ड्रॅगचा संशय घ्या. पेडलला दोन-तीन पंप मारल्यावर गिअर अलगद पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. खाली स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण उचलून पाहा. आत ओलं असेल तर गळती सापडली. मास्टर सिलिंडरच्या डबीत ब्रेक ऑइलच घालावं. इंजिन ऑइलने सगळी रबरं फुगतात.

आवाजही बोलतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल मोकळं असताना घरघर आणि दाबल्यावर शांत, तर बहुधा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग.

गिअरबॉक्स उतरलाच तर प्लेट स्वतः हातात घ्या. रिव्हेटची डोकी अस्तराच्या बरोबरीला आली की तिचं आयुष्य संपलं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर ते लेथवाल्याला दाखवा, चिरा खोल असतील तर बदला. आतली भुकटी हवेने उडवू नका. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा.

आणि तेलाचा ओघळ दिसला तर तो वर कुठवर जातो ते बॅटरी लावून शोधा. इंजिनच्या बाजूने असेल तर क्रँकचं सील, गिअरबॉक्सच्या नळीवरून असेल तर तिथलं. सील बदलल्याशिवाय नवी प्लेट खोक्यातून बाहेरच काढू नका. बसवताना जुना क्लच शाफ्ट प्लेटमधून घालून ती मधोमध धरतात, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळतात. गिअरबॉक्स वर चढवताना जॅक हवाच. गिअरबॉक्सचा भार क्षणभरही प्लेटवर लोंबकळला तर नवी प्लेट वाकते आणि मग ड्रॅग सुरू.

आमच्या गाडीचं सील त्या दुसऱ्या वेळी बदललं. आता चौकात गर्दी दिसली की आधी न्यूट्रल पडतो आणि डावा पाय पायदानावर येतो.