मुळाशी हात घालण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुरगाव बंदरावरील एका कचेरीत कारकुनी करणारा एक तरुण संध्याकाळच्या वेळी आमच्याकडे आला. मूळ घर पेडण्यास, शिक्षण तेथल्याच मराठी शाळेत, आणि गेली काही वर्षे बिऱ्हाड वास्कोस. वडील जहाजावर नोकरीस होते. ते गेले त्यास आता पाचसहा वर्षे होतील. त्यांच्या सामानाबरोबर त्यांचा मोबाईल घरी परत आला होता. रुमालात गुंडाळलेला तो फोन त्याने टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "फादर, यात पप्पांचा आवाज आहे. आईला पाठवलेले निरोप. आईचा जुना फोन पाण्यात पडून गेला. आता आवाज उरला तो एवढ्यातच. पण बाहेर काढता येत नाही."

काय केलेस, असे विचारता त्याने सर्व हकिगत सांगितली. व्हॉट्सॲप उघडावे तर ते नंबराची खातरजमा मागते, आणि वडिलांचा नंबर तर केव्हाच बंद झालेला. मग त्याने फोन संगणकास जोडला, एका मित्राच्या सांगण्यावरून आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडली, व जेथे ॲप आपली माहिती ठेवते त्या 'डेटा' नावाच्या कप्प्यात शिरू पाहिले. उत्तर आले: 'परमिशन डिनाइड'. परवानगी नाकारली! एका दुकानदाराने तोडगा सांगितला, की फोनचा बूटलोडर खोलावा, फोन 'रूट' करावा, म्हणजे कोणतेही दार उघडते. दुसऱ्या दिवशी तो फोन दुकानात द्यावयाचा होता.

आम्ही त्यास म्हटले, "बाबा, उद्या दुकानात जाऊ नकोस. आधी बस."

वाचकहो, 'रूट' हा शब्द हल्ली पुष्कळ तरुणांच्या तोंडी असतो, परंतु त्याचा अर्थ फार थोड्यांस ठाऊक असतो. हा शब्द अँड्रॉइडच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी 1969 साली 'युनिक्स' नामक प्रणालीची सुरुवात केली. एकाच संगणकावर अनेक माणसे काम करीत असत, तेव्हा कोणी कोणाचे कागद पाहावेत व कोणी पाहू नयेत, याचा बंदोबस्त करणे भाग होते. म्हणून प्रत्येक फाईलीस एक मालक ठरला, एक गट ठरला, आणि उरलेले ते इतर. या तिघांस प्रत्येकी तीन हक्क: वाचणे, लिहिणे, चालविणे. आमच्या कचेरीतील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचेच उदाहरण घ्या. उतारा मागण्याचा हक्क त्या माणसास आहे, लिहिण्याचा हक्क मात्र धर्मगुरूचा. युनिक्सात वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2 व चालविण्याचे 1, असे अंक मानतात आणि त्यांची बेरीज करतात. 644 म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, इतरांनी नुसते वाचावे. कप्प्यात शिरण्यासाठी मात्र 'चालविण्याचा' हक्क लागतो, म्हणून कप्प्यांस बहुधा 755 असते. या सर्व नियमांच्या वर एकच जण असे, ज्याचा क्रमांक शून्य. तोच 'रूट'.

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला, आणि त्याच गाभ्यावर अँड्रॉइड उभे राहिले. अँड्रॉइडच्या कर्त्यांनी एक मोठी चतुराई केली. फोन वापरणारा माणूस बहुधा एकच, मग अनेक वापरकर्त्यांची ही जुनी व्यवस्था कशाला? त्यांनी प्रत्येक ॲपलाच एकेक स्वतंत्र वापरकर्ता मानले. 10000 च्या पुढचे क्रमांक ॲपांस वाटले जातात. त्यामुळे एका ॲपच्या खोलीत दुसऱ्यास पाऊल टाकता येत नाही. संगणक जोडून काळ्या खिडकीतून येणाऱ्यास 2000 हा क्रमांक मिळतो. तोही परकाच. आमच्या तरुणास नकार मिळाला, तो या कारणाने. फोनात बिघाड नव्हताच. पहारेकरी आपले काम चोख करीत होता.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण आम्हीही एके काळी या रूटच्या नादी लागलो होतो, आणि तो नाद मराठीसाठी होता. अँड्रॉइडच्या 2.2 व 2.3 या आवृत्त्यांचे फोन 2010-11 च्या सुमारास हातोहाती आले. त्यांतील बहुतेकांवर देवनागरी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटत. घरचे मराठी पत्र आले तर चौकोनांची रांग! ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरात एक आडबाजूचे बटण होते, त्याने अक्षरे चित्ररूपाने दिसत. कित्येकांनी तेवढ्यावरच वेळ निभावून नेली. आमच्यासारख्या उतावळ्यांनी मात्र फोन रूट केला, आणि प्रणालीच्या फॉन्टांच्या कप्प्यात देवनागरी अक्षरे असलेली फाईल नेऊन ठेवली.

फाईल ठेवली, फोन बंद करून चालू केला, आणि तो कंपनीच्या बोधचिन्हावरच अडकून बसला. तासभर बसला. चूक कळण्यास दोन दिवस गेले. फाईल मेमरी कार्डावरून उचलून ठेवताना तिचे हक्क 600 झाले होते. म्हणजे मालकाखेरीज ती कोणासच वाचता येईना. तेथे 644 हवे होते. दोन अंकांची चूक. पुन्हा कंपनीची मूळ प्रणाली भरली, पुन्हा फाईल ठेवली, या वेळी आधी हक्क नीट केले, आणि अक्षरे उमटली. परंतु कशी? 'कि' लिहिले की वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन पडे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले असत. अक्षरांचे आकार फाईलीतून आले होते, पण त्यांना जोडण्याचे शास्त्र प्रणालीच्या गाभ्यात नव्हते, आणि ते फाईल ठेवून येत नाही. परवानगी मिळाली म्हणजे काम झाले असे नव्हे, हा धडा आम्हांस तेथे मिळाला. पुढे 4.0 या आवृत्तीपासून देवनागरी नीट दिसू लागली, आणि 2014 च्या 5.0 आवृत्तीत फोनची सर्व भाषाच मराठी ठेवण्याची सोय झाली.

आता कोणी म्हणेल, की आजही इंग्रजी वा हिंदी भाषा निवडलेल्या फोनांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात, ते मराठी वळणाचे करण्यास रूट हवेच. आम्हांसही ते 'ल' खटकतात. तथापि फोनची भाषा मराठी करून पाहावी, कित्येक कंपन्यांच्या फोनांत फॉन्ट बदलण्याची सोय सेटिंगातच असते तीही पाहावी. एका 'ल'साठी बँकेचे ॲप गमावावे, असे आमचे मत नाही.

शिवाय जुने उपाय आता चालत नाहीत, आणि पुष्कळ घोटाळा होतो तो यामुळेच. पूर्वी रूट झाले की सर्व कुलपे उघडत. 2013 साली आलेल्या 4.3 आवृत्तीपासून 'एसई-लिनक्स' नावाचा दुसरा पहारेकरी दाराशी आला, व 5.0 पासून तो सर्वत्र कडक झाला. हा 644 वा 755 पाहत नाही. प्रत्येक फाईलीस लावलेली चिठ्ठी पाहतो, आणि चिठ्ठी चुकली तर खुद्द शून्य क्रमांकासही अडवितो. म्हणून आकडे बरोबर असूनही फाईल वाचली जात नसेल, तर चिठ्ठी तपासावी. फाईलींची यादी मागताना मोठे 'झेड' जोडले की ती दिसते, आणि 'रिस्टोरकॉन' या आज्ञेने पूर्ववत होते. त्याखेरीज प्रणालीचा भाग कोणी बदलला आहे काय, याची मोजणी फोन करीत असतो. 2016 च्या 7.0 आवृत्तीपासून ही तपासणी सक्त झाली, आणि छेडछाड आढळल्यास फोन उघडण्याचेच नाकारतो. 2019 च्या 10 व्या आवृत्तीपासून निघालेल्या कित्येक फोनांत तर प्रणालीचा भाग अशा रीतीने बांधलेला असतो, की त्यावर लिहिताच येत नाही. रूट असूनही 'रीड-ओन्ली फाईल सिस्टिम' असे उत्तर येते, व माणूस हक्कांचे आकडे बदलीत बसतो. आकड्यांचा तेथे संबंधच नाही. भिंतीत दार नाही, मग किल्ली कितीही फिरवा!

म्हणून नकाराचे शब्द नीट वाचावेत. 'परमिशन डिनाइड' म्हणजे आपण कोण, किंवा चिठ्ठी काय, हा प्रश्न आहे. 'आयडी' ही आज्ञा दिली की आपला क्रमांक कळतो. शून्य नसेल तर रूट मिळालेलेच नाही, बहुधा फोनवर आलेल्या विचारणेस होकार द्यावयाचा राहिला आहे. 'रीड-ओन्ली' म्हणजे जागाच न लिहिण्याची आहे.

या अडचणीतून वाट काढली ती तैवानच्या जॉन वू या विद्यार्थ्याने. 2016 साली त्याने 'मॅजिस्क' काढले. ते प्रणालीच्या फाईलींस हात लावीत नाही. फोन सुरू होण्याच्या 'बूट' भागात थोडा बदल करते, आणि मूळ फाईलींवर आपल्या फाईलींचे पांघरूण घालते. पांघरूण काढले की खाली मूळ जसेच्या तसे. (गंमत अशी, की हाच वू पुढे 2021 मध्ये गूगलमध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षा विभागात नोकरीस लागला.) यातही गफलती होतात. बूट भाग फोनात असलेल्या नेमक्या आवृत्तीचाच घ्यावा लागतो. दुसऱ्या आवृत्तीचा घातला की फोन पुनःपुन्हा बंद-चालू होत राहतो. तेव्हा संगणकावरून मूळ बूट भाग परत घालणे हाच उपाय, व तो मूळ भाग आधी जपून ठेवलेला असावा. एखाद्या जोडणीने फोन अडकला असेल, तर 'सेफ मोड'मध्ये एकदा चालू केल्याने मॅजिस्कच्या सर्व जोडण्या निष्क्रिय होतात. 13 व्या आवृत्तीसह आलेल्या फोनांत बदल करावयाचा तो भागही निराळा, त्याचे नाव 'इनिट-बूट'.

आणि या सर्वांची किंमत? बँकेची व यूपीआयची कित्येक ॲपे रूट केलेल्या फोनात चालण्यास नकार देतात. सॅमसंगच्या फोनांत तर परक्या बूट भागाची नोंद आतील एका बारीक फ्यूजवर कायमची होते, ती नंतर कशानेही पुसत नाही. परंतु सर्वांत मोठी किंमत वेगळीच आहे, आणि दुकानदाराने आमच्या तरुणास ती सांगितली नव्हती. बूटलोडर खोलताना फोन आपल्यातील सर्व माहिती पुसून टाकतो. हे मुद्दाम तसे केलेले आहे. नाहीतर चोरलेला फोन कोणीही खोलून आतले वाचले असते. ज्या आवाजासाठी दार उघडावयाचे, तो आवाज दार उघडताक्षणीच नाहीसा झाला असता.

हे ऐकून तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे मिळायचेच नाही?"

आम्ही विचारले, "तुला नेमके काय हवे? सगळे संभाषण, की आवाज?"

"आवाज."

व्हॉट्सॲप लिहिलेले संभाषण आपल्या बंद खोलीत ठेवते. पण छायाचित्रे व आवाजाचे निरोप ते फोनच्या सामाईक जागेत ठेवते, म्हणजे ओसरीवर. जुन्या फोनांत 'व्हॉट्सॲप' नावाच्या कप्प्यात, नव्यांत 'अँड्रॉइड' कप्प्यातील 'मीडिया'मध्ये. तेथे जाण्यास रूट लागत नाही. साधी केबल पुरते, आणि फोनचे कुलूप उघडण्याचा आकडा. तो आकडा मुलास ठाऊक होता. धाकट्या बहिणीची जन्मतारीख.

फोन आमच्या संगणकास जोडला. पडद्यावर 'फाईल ट्रान्स्फर' निवडले. कारण प्रारंभी फोन नुसता भारित होतो व संगणकास काही दिसत नाही. पुष्कळांचा धीर तेथेच सुटतो. 'मीडिया', त्यात 'व्हॉइस नोट्स', त्यात वर्ष व आठवडा यांच्या आकड्यांचे लहान लहान कप्पे. शेकडो फाईली निघाल्या. शेवटी 'ओपस' हे नाव असल्यामुळे साध्या वादकाने त्या वाजविल्या नाहीत. व्हीएलसी घेतले, तेव्हा वाजल्या. आलेले व पाठविलेले निरोप एकाच कप्प्यात मिसळलेले होते. प्रथम त्याच्या आईचाच आवाज लागला: घरावर पत्रे घालावयाचे आहेत, सुतार येतो म्हणून येत नाही. त्यापुढचा वडिलांचा.

त्याने तो पुरता ऐकला नाही. सर्व फाईली दोन ठिकाणी उतरवून घेतल्या, एक प्रत त्याच्या पेन ड्राइव्हवर, एक आमच्या संगणकावर ठेवावयास सांगितली, आणि फोन पुन्हा रुमालात गुंडाळला. बाहेर पाऊस थांबला नव्हता. पेन ड्राइव्ह त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला व पेडण्याची शेवटची बस गाठण्यासाठी निघाला. आई त्या आठवड्यात गावी होती.