तलंगांना लेअरचे खाद्य कधी सुरू करावे?

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांकडून, विशेषतः महिला बचत गटांकडून, हमखास येणारा एक प्रश्न आहे. तलंगा वाढीला लागल्या, अंगाने भरल्या, आता यांना अंड्यावरचे खाद्य चालू करू का? दुकानदार म्हणतो, करा. शेजारीण म्हणते, अंडं दिसेपर्यंत थांब. पोत्यावर छापलेले असते, १८ आठवड्यांनंतर. तिघांचेही थोडे थोडे खरे आहे, आणि त्यामुळेच घोटाळा होतो.

आधी पोत्यात काय असते ते बघू. लहान पिलांच्या खाद्यात, म्हणजे चिक मॅशमध्ये, प्रथिने सुमारे २० टक्के असतात आणि कॅल्शियम १ टक्का. ग्रोअरच्या खाद्यात प्रथिने १६ टक्के, कॅल्शियम तेवढेच, १ टक्का. लेअरच्या खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के, पण कॅल्शियम एकदम ३ ते साडेतीन टक्के किंवा त्याहून थोडे जास्त. म्हणजे ग्रोअर आणि लेअर यांत प्रथिनांचा फरक फारसा नाही. खरा फरक कॅल्शियमचा, म्हणजे आपल्या भाषेत चुन्याचा. तिप्पट चुना!

हा चुना लागतो अंड्याच्या कवचाला. एका कवचाचे वजन साधारण ५ ते ६ ग्रॅम, त्यात कॅल्शियम भरते सुमारे २ ग्रॅम. कोंबडी जेवढा चुना खाते त्यातला साधारण निम्माच तिच्या अंगी लागतो. म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात जायला हवे. १०० ते ११० ग्रॅम लेअरचे खाद्य खाल्ले की हा हिशोब जवळपास जुळतो. ग्रोअर खाद्यावर तो जुळणे शक्य नाही, तिथे जेमतेम १ ग्रॅम मिळते. उरलेले ती आपल्या हाडांतून काढते. आठ-दहा अंडी बरी येतात, मग कवच पातळ होते, कधी नुसते पापुद्र्याचे अंडे पडते. पुढे कोंबडी पायात अधू होते किंवा अंडीच बंद करते. शेजारणीचे ऐकून फार उशीर केला तर होते ते असे.

लवकर सुरू केले तर काय बिघडते?

जास्त बिघडते, आणि ते डोळ्याला दिसत नाही. अंड्यावर नसलेल्या तलंगेला एवढा चुना नकोच असतो. तो बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर पडते. आठवडाभर लवकर सुरू झाले म्हणून कोणी कोंबडी मरत नाही. पण आठ-आठ, दहा-दहा आठवडे हे चालले तर मूत्रपिंडे खराब होतात, लघवीतले क्षार अंगात साठू लागतात. विष्ठा पाण्यासारखी पातळ होते. गंमत अशी की, त्या वेळी तलंग मरत नाही. ती मरते पुढे, ऐन अंड्याच्या भरात, चांगली दिसत असताना. मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते मानमोडी आली. मेलेली कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन उघडून घेतली, तर काळजावर आणि हृदयावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो, मूत्रपिंडे सुजलेली असतात. असा थर इतर कारणांनीही येऊ शकतो, म्हणून उघडून घेताना डॉक्टरांना खाद्य केव्हा बदलले ते आठवणीने सांगावे.

आता आपल्याकडे हे कुठे घडते ते पाहा. शासकीय योजनेतून तलंगांचा जो गट मिळतो, २५ माद्या आणि ३ नर, तो ८ ते १० आठवडे वयाचा असतो. घरी आणल्याबरोबर खाद्याचे पोते आणायला माणूस बाजारात जातो. दुकानात ब्रॉयलरचे आणि लेअरचे पोते असते, ग्रोअर मागवावे लागते. “अंड्याच्याच कोंबड्या आहेत ना, मग लेअर न्या,” असे सांगितले जाते. आणि वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या जाती परसात मोकळ्या पाळल्या तर साडेपाच-सहा महिन्यांच्या सुमारास अंड्यावर येतात. म्हणजे तीन-साडेतीन महिने त्या तलंगा तिप्पट चुना खात राहतात. माझ्या मते परसातल्या गटांचे सगळ्यात मोठे नुकसान इथे होते, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही. ग्रोअर मिळत नसेल तर थोडे दिवस चिक मॅश दिलेले परवडले, पण लेअर नको. ब्रॉयलरचे खाद्यही नको. त्याने तलंग चरबी धरते, आणि चरबीवर गेलेली तलंग पुढे अंडे अडकणे, अंग बाहेर येणे अशा भानगडी करते.

१८ आठवडे कोणाचे?

पोत्यावर छापलेले १८ आठवडे खोटे नाहीत. ते पांढऱ्या लेगहॉर्नपासून तयार केलेल्या, पिंजऱ्यात पाळायच्या संकरित कोंबडीचे आहेत. ती सव्वा किलोच्या आसपास वजनाची झाली की १८-२० आठवड्यांत अंडे घालते. आपली गावठी सहा-सात महिने घेते. कोंबडी काही पोत्यावरचा मजकूर वाचून अंड्यावर येत नाही. म्हणून वयाचा आकडा नुसता लक्षात ठेवावा आणि निर्णय कोंबडी हातात धरून घ्यावा.

पहिली खूण तुऱ्याची. फिकट गुलाबी, आखूड तुरा लालबुंद होऊन वाढू लागतो, गळ्याखालच्या पाळ्याही लाल होतात. दुसरी, पाठीवर हात नेला की पळून जाणारी तलंग आता जमिनीला दबून बसते. तिसरी खूण सर्वांत भरवशाची. कोंबडी काखेत धरून शेपटीखाली चाचपावे. अंडे येण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे लागतात. त्यांच्यामध्ये एकच बोट मावत असेल तर अजून अवकाश आहे. दोन बोटे मावू लागली, हाडे लवचीक लागली, की अंडे जवळ आले. अंड्यावरच्या कोंबडीत तीन बोटे सहज बसतात. जुन्या बायकांना हे पाठ असते, त्यांनाच धरायला सांगावे. शिवाय तलंगा कोपरे धुंडाळू लागतात, ओरडण्याचा सूर बदलतो, तो अनुभवी कानाला कळतोच.

गटातल्या चार-पाच तलंगांत या खुणा दिसल्या की खाद्य बदलायला सुरुवात करावी. पहिल्या अंड्याची वाट बघू नये, कारण अंडे येण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून कोंबडी पायाच्या लांब हाडांच्या पोकळीत चुना साठवू लागते. मात्र पहिले अंडे सापडले आणि तुमचे अजून ग्रोअरच चालू आहे, तरी घाबरू नका. त्याच दिवशी सुरुवात केली तरी चालते.

बदल एका दिवसात करू नये. पहिले दोन-तीन दिवस तीन मापटी जुने आणि एक मापटे नवे, मग निम्मे-निम्मे, मग एक जुने तीन नवे, आणि आठवड्याने पूर्ण नवे. एकदम बदलले तर तलंगा खाणे टाकतात, नाहीतर वेचून खातात, आणि ऐन वेळी वजन घटते. लसीकरण, जंताचे औषध, खुराडे बदलणे ही कामे त्याच आठवड्यात काढू नयेत. मानमोडीची आर-टू-बी लस, जी १६ ते १८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा टोचतात, ती आणि जंताचे औषध अंडी सुरू होण्याआधीच उरकून घ्यावे.

घोळ होतो तो मिश्र कळपात. एका खुराड्यात म्हाताऱ्या कोंबड्या, तलंगा, तीन कोंबडे, वर एखादी पिलावळ. सगळ्यांना लेअर दिले तर नरांना आणि पिलांना ते सोसत नाही. ग्रोअर दिले तर अंड्यावरच्या कोंबड्या उपाशी. वेगळे कप्पे करायला जागा नसेल तर सोपी वाट अशी, की खाद्य ग्रोअरचेच ठेवावे आणि शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी एका वेगळ्या भांड्यात कायम भरून ठेवावी. अंड्यावरची कोंबडी बरोबर तिथे जाते, विशेषतः संध्याकाळी. कवच रात्रीच बनते. चुरा ज्वारीच्या दाण्याएवढा असेल तर तो पोटातल्या पेटीत टिकून रात्रभर थोडा थोडा विरघळतो, पिठासारखा असेल तर लगेच निघून जातो. कोकणात शिंपले फुकट मिळतात, धुऊन, वाळवून, उखळात कुटले की काम झाले. घाटावर घरच्या अंड्यांची कवचे भाजून, चुरून द्यावीत. अख्खी टाकू नयेत, अंडी फोडून खायची सवय लागते. पानाला लावायचा चुना किंवा भट्टीचा कळीचा चुना मात्र चुकूनही देऊ नये, तोंड आणि अन्ननळी भाजते. आणि नदीची वाळू म्हणजे चुना नव्हे. ती दळायला उपयोगी, कवचाला नाही.

एक गोष्ट पोत्यावर वाचून घ्यावी. चिक आणि ग्रोअरच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचे औषध मिसळलेले असते. अंडी खायला-विकायला सुरू झाली की असे औषधी खाद्य चालत नाही, साधे ग्रोअर मागावे.

भरडा-कण्या टाकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की निम्मा भरडा आणि निम्मे लेअर म्हणजे चुनाही निम्माच झाला. अशा घरीसुद्धा शिंपल्याचे भांडे हवे.

चिकवरून ग्रोअरवर जाताना हिशोब वेगळा. तिथे ८ आठवडे हा आकडा ठीक आहे, पण वजन कमी असेल तर आणखी एक-दोन आठवडे चिक मॅश चालू ठेवावा. हाडांचा सांगाडा पहिल्या तीन महिन्यांतच जवळपास पुरा होतो, तेव्हा केलेली काटकसर पुढे भरून निघत नाही. ताणकाटा आणि एक पिशवी, एवढ्यावर वजन होते. सकाळी खाद्य टाकण्याआधी करावे, म्हणजे दर वेळी तुलना जुळते.

संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो. त्या काळात वाढणाऱ्या तलंगा थोड्या लवकर अंड्यावर येतात, आषाढानंतर वाढणाऱ्या थोड्या उशिरा. दोन घरच्या एकाच जातीच्या गटांत फरक पडतो तो बऱ्याचदा यामुळे.

आता पोत्याबद्दल. २५ तलंगांना दिवसाला ७५ ग्रॅम धरले तर दोन किलोच्या आत खाद्य जाते, ५० किलोचे पोते २६ दिवस पुरते. मोकळ्या चरणाऱ्यांना संध्याकाळी ३०-४० ग्रॅम टाकले तर तेच पोते दीड-दोन महिने चालते. पावसाळ्यात उघडे पोते एवढे दिवस ठेवले की बुरशी ठरलेली, आणि बुरशीचे विष लेअरच्या चुन्याहून वाईट. शिवाय पोते संपेपर्यंत जुनेच चालवायचे, म्हणजे खाद्य बदलायची तारीख पोते ठरवते. यावर उपाय बचत गटाच्या हातात आहे. चार घरांनी मिळून एक पोते ग्रोअरचे आणि वेळ आली की एक लेअरचे आणावे, वजनाने वाटून घ्यावे, फळीवर भिंतीपासून दूर ठेवावे.

ग्रामसेवक आणि पशुधन पर्यवेक्षक मंडळींना एक विनंती. गट वाटताना पावतीवर पक्ष्यांची संख्या असते, किंमत असते, पण पिले उबवणीतून निघाल्याची तारीख बहुधा नसते. ‘८ ते १० आठवडे’ एवढ्यावर पुढचे लसीकरण आणि खाद्य ठरवता येत नाही. ती तारीख आणि दिलेल्या लसींची नावे लाभार्थ्याच्या हातात चिठ्ठीवर द्यावीत, आणि वाटपाच्या आधी तालुक्याच्या दुकानदाराला ग्रोअरची किती पोती लागतील ते कळवावे. २५-२५ चे दहा गट वाटले जाणार असतील, तर बांधून पाळल्यास पहिल्या महिन्यालाच अकरा-बारा पोती लागतात.