स्वतःचं म्हातारपण मोजणारा उपग्रह

विषुववृत्त ओलांडताना खाली दुपारचे पावणेदोन वाजलेले असावेत, अशी ‘ऑरा’ची कक्षा आखलेली होती. 15 जुलै 2004 रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून डेल्टा-2 अग्निबाणाने तो वर गेला. वजन जवळपास तीन टन, जमिनीपासून उंची 705 किलोमीटर, एका प्रदक्षिणेला सुमारे 99 मिनिटं. ‘नासा’ने त्याला काम दिलं होतं वातावरणाच्या रसायनाचं. ओझोन कुठल्या थरात किती आहे, तो खाणारा क्लोरीन किती, पाण्याची वाफ किती, कारखान्यांच्या धुराड्यांतून निघालेला सल्फर डायऑक्साइड कुठे साचतो, हे सगळं रोज, साऱ्या पृथ्वीभर मोजायचं. आयुष्य धरलं होतं पाच-सहा वर्षांचं. वीस वर्षं उलटून गेली तरी तो मोजतच राहिला.

उपग्रहाच्या बातम्या साधारण दोनदा येतात: उडताना आणि पडताना. मधल्या काळात तो ‘नेहमीप्रमाणे’ चाललेला असतो, आणि या ‘नेहमीप्रमाणे’त किती काम दडलेलं असतं याची बाहेर फारशी दखल घेतली जात नाही. ऑराचं मोठेपण मला त्या मधल्या वर्षांत दिसतं. आकाश बदलतंय की आकाशाकडे बघणारं उपकरण बदलतंय, हा एकच प्रश्न ऑरा चालवणारी माणसं वीस वर्षं स्वतःला विचारत आली आहेत.

ऑरावर चार उपकरणं होती आणि चौघांची नशिबं वेगवेगळी. सर्वांत दुर्दैवी ‘हर्डल्स’. ब्रिटन आणि अमेरिकेने मिळून बनवलेलं हे उपकरण वातावरणाचे अगदी पातळ थर वेगळे करून दाखवणार होतं. पण उड्डाणाच्या वेळी हवेचा दाब झपाट्याने उतरताना आतलं प्लास्टिकचं पातळ अस्तर सुटलं आणि दृष्टीच्या वाटेत येऊन बसलं. सुमारे 80 टक्के खिडकी झाकली गेली. 705 किलोमीटर उंचीवर जाऊन ते अस्तर बाजूला कोण करणार? तज्ज्ञांनी उरलेल्या फटीतून बघायचं ठरवलं आणि अस्तराचा स्वतःचा उष्ण प्रकाश हिशेबातून वजा करायची रीत बसवली. उपकरण एकाच दिशेला बघू शकत होतं, तरी त्यातून कामाची मापनं निघाली. मार्च 2008 मध्ये त्यातली फिरती चकती अडकली आणि ते कायमचं बंद पडलं.

‘टेस’ची गोष्ट जरा निराळी. त्यात एक आरसा सतत पुढेमागे सरकायचा. सरकणाऱ्या भागांना झीज असते, वंगण असतं, आणि वंगण अवकाशात कोणी नव्याने घालू शकत नाही. म्हणून 2005 मध्येच क्षितिजाच्या कडेकडे बघण्याचं काम सोडून फक्त खाली बघायचं ठरलं. पुढे मापनांची संख्याही कमी करत नेली. अशा काटकसरीने टेस जानेवारी 2018 अखेरपर्यंत चालला. शेतात टाकलेल्या खतातून आणि जनावरांच्या मलमूत्रातून उडणारा अमोनिया अवकाशातून दिसू शकतो, हे दाखवून देणाऱ्या पहिल्या उपकरणांत त्याची गणना होते.

उरली दोन: ‘ओमी’ आणि ‘एमएलएस’. खरी कहाणी त्यांची.

ओमी हे नेदरलँड्स आणि फिनलंडने दिलेलं उपकरण. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवरून उलटून येतो तेव्हा त्यातले कोणते रंग हवेतल्या वायूंनी गिळले, हे ते पाहतं. एका फेरीत 2600 किलोमीटर रुंदीचा पट्टा त्याला दिसतो आणि त्या पट्ट्याच्या आडव्या 60 ओळी पडतात. जून 2007 मध्ये यातल्या दोन ओळींत विचित्र आकडे येऊ लागले. मे 2008 मध्ये आणखी काही ओळी बिघडल्या, जानेवारी 2009 मध्ये बिघाड बराच पसरला. उपकरणाच्या आत सगळं ठीक होतं. उपग्रहाला गुंडाळलेल्या चकचकीत आवरणाचा एखादा पदर सुटून खिडकीसमोर लोंबत असावा, असा निष्कर्ष निघाला. तो पदर काही ओळींचा प्रकाश अडवतो आणि भलतीकडचा सूर्यप्रकाश परावर्तित करून आत ढकलतो. तेव्हापासून रोजच्या मापनांबरोबर कोणत्या ओळी धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या याच्या खुणा जोडलेल्या असतात. पृथ्वी रोज एकदा पूर्ण बघून व्हायची, तिथे आता साधारण दोन दिवस लागू लागले. उरलेल्या ओळी मात्र चोख राहिल्या.

त्या चोख आहेत हे कशावरून? इथे ओमीची एक व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. उत्तर गोलार्धात दिवस-रात्रीच्या सीमेजवळ दिवसातून एकदा ओमीचं सूर्याकडचं दार उघडतं आणि सूर्यप्रकाश एका धुरकट क्वार्ट्झच्या तुकड्यातून विखरून आत येतो. सूर्य जवळपास स्थिर तेजाचा, म्हणून तो संदर्भ. पण रोज उन्हात धरल्यावर तो क्वार्ट्झचा तुकडाही म्हातारा होणारच. म्हणून आत ॲल्युमिनियमचे आणखी दोन विखुरक ठेवले. एक आठवड्यातून एकदा वापरायचा, दुसरा महिन्यातून एकदा. तिघांचं ऊन वेगवेगळं, म्हणून तिघांचं वयही वेगवेगळं. महिन्यातून एकदा ऊन खाणारा आणि रोज ऊन खाणारा यांच्या आकड्यांत फरक पडू लागला तर तो विखुरकाचा. तिन्ही मिळून सारखेच मंद दिसू लागले तर खोट आतल्या भिंगा-आरशांत किंवा संवेदकात. उपकरण घडवतानाच त्याच्या म्हातारपणाची अशी तजवीज करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. इतक्या वर्षांत ओमीच्या संवेदनक्षमतेत पडलेला फरक थोड्याच टक्क्यांचा आहे, आणि तो नोंदलेला आहे.

हे सगळं आपल्या दारापर्यंत येतं ते असं. ओमीच्या मापनांवर आधारलेला एक अभ्यास नोव्हेंबर 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. 2007 पासून चीनचं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन 75 टक्क्यांनी घटलं आणि भारताचं 50 टक्क्यांनी वाढलं, असं त्यात निघालं. सिंगरौली, कोरबा, तालचेर या कोळसा-विजेच्या पट्ट्यांवरचे डाग नकाशात ठळक दिसत होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये औष्णिक वीजकेंद्रांसाठी या वायूची मर्यादा घातली होती. ती पाळायची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रांना धूर धुण्याची यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. चंद्रपूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हा प्रश्न आकड्यांचा वाटत नाही. पण धोरणावर वाद घालायचा तर हातात आकडा लागतो, आणि दहा वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशी ताडून बघता आला पाहिजे. तराजू जुना असला तरी चालतो, त्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का वेळच्या वेळी पडलेला हवा.

एमएलएस, म्हणजे मायक्रोवेव्ह लिंब साउंडर, हे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचं उपकरण. हवेतले अनेक वायू आपापल्या ठरावीक कंप्रतेवर अगदी क्षीण सूक्ष्मलहरी सोडत असतात. एमएलएसला सूर्य लागत नाही. रात्रीही, ध्रुवावरच्या सहा महिन्यांच्या काळोखातही ते मोजतं. त्याचा अँटेना उपग्रहाच्या पुढच्या दिशेला क्षितिजाची कड न्याहाळतो आणि जमिनीजवळून नव्वदेक किलोमीटर उंचीपर्यंत नजर वर नेतो. या एका हालचालीला 24.7 सेकंद लागतात. दर वेळी शेवटी तो रिकाम्या थंड अवकाशाकडे आणि मग आतल्या ठरावीक उष्णतेच्या तुकड्याकडे बघून स्वतःची खातरजमा करतो. एका प्रदक्षिणेत अशा 240 फेऱ्या, दिवसाला सुमारे साडेतीन हजार.

त्याचं वय पहिल्यांदा जाणवलं ते 2006 मध्येच. क्लोरीनचं मुख्य साठवण-रूप असलेला हायड्रोजन क्लोराइड मोजणारी एक वाहिनी खंगू लागली. ती बंद ठेवून शेजारच्या वाहिनीवर काम सुरू झालं, आणि मूळ वाहिनी अधूनमधून तुलनेपुरती चालवायची ठरलं. हायड्रॉक्सिल मोजणाऱ्या भागात वायूचा लेसर होता. त्याचं आयुष्य मर्यादित, म्हणून डिसेंबर 2009 मध्ये तो विसाव्याला ठेवला आणि पुढे काही वर्षं मोजक्या दिवसांसाठी जागा केला. 2013 मध्ये नायट्रस ऑक्साइडची मुख्य वाहिनी गेली. ते मापन 190 गिगाहर्ट्झच्या भागाकडे सोपवण्यात आलं.

आणि नेमका हाच भाग हळूहळू चुकीचं सांगू लागला होता. पाण्याची वाफही तोच मोजतो. कोलोरॅडोतल्या बोल्डरहून 1980 पासून एक खास फुगा नियमित सोडला जातो. त्याला टांगलेल्या यंत्रात एक छोटासा आरसा असतो. आरसा थंड करत जायचा, त्यावर दहिवराचा पातळ थर धरला की तो थर वाढूही द्यायचा नाही आणि उडूही द्यायचा नाही. ज्या तापमानाला तो तसाच टिकतो, त्यावरून भोवतालच्या हवेत किती वाफ आहे ते कळतं. हवाईतल्या हिलोहून आणि न्यूझीलंडमधल्या लॉडरहूनही असेच फुगे जातात. 2010 च्या आसपासपर्यंत फुगे आणि एमएलएस यांचं छान जुळत होतं. नंतर उपग्रह फुग्यांपेक्षा जास्त वाफ दाखवू लागला. फरक वर्षाला साधारण एक टक्का.

एक टक्का कोणाच्या डोळ्यांत भरेल? पण स्थितांबरातली वाफ खरोखर वाढली तर पृथ्वीचं तापमान बदलतं. म्हणजे उपकरणाची ही चूक हवामानबदल म्हणून खपली असती. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या गटाने फुग्यांचा आकडा निमूट उचलून आपल्यात चिकटवला नाही. त्यांनी उपकरणात शोध घेतला. 190 गिगाहर्ट्झच्या ग्राहकात दोन कंप्रता-पट्टे एकत्र येतात आणि त्यांचं परस्पर प्रमाण वर्षानुवर्षं किंचित सरकत होतं, असं त्यांना आढळलं. मग सगळी जुनी मापनं नव्या हिशेबाने पुन्हा काढली. चूक बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही, आणि तसं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. अशा प्रामाणिकपणाने लिहिलेला शोधनिबंध मला एखाद्या गाजलेल्या शोधापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही.

या कष्टाचं चीज कुठे झालं? जानेवारी 2018 मध्ये एमएलएसच्या मापनांवरून एक निष्कर्ष आला: अंटार्क्टिकावरचा क्लोरीन वर्षाला सुमारे 0.8 टक्क्यांनी घटतो आहे, आणि 2005 ते 2016 या काळात हिवाळ्यातला ओझोनचा ऱ्हास जवळपास 20 टक्क्यांनी कमी झाला. 1987 च्या माँट्रियल करारामुळे ओझोन सावरतो आहे याचा हा थेट पुरावा होता. वर्षाला 0.8 टक्का घट पकडायची तर मोजणाऱ्याचं स्वतःचं सरकणं त्याहून कमी असावं लागतं, किंवा ते किती आहे हे तरी नेमकं ठाऊक असावं लागतं.

मग 15 जानेवारी 2022. प्रशांत महासागरात टोंगाजवळचा हुंगा टोंगा-हुंगा हाआपाई हा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला. त्याचा झोत 50 किलोमीटरच्या वर गेला. एमएलएसला वाफेचे असे आकडे दिसू लागले की दर्जा तपासणाऱ्या नेहमीच्या नियमांनी ते अविश्वसनीय म्हणून बाजूला काढले असते. गटाला ते आकडे एकेक करून तपासावे लागले. निघालं ते हे: सुमारे 14.6 कोटी टन पाणी स्थितांबरात जाऊन पडलं होतं. तिथे एरवी जेवढं असतं त्याच्या साधारण एक दशांश. ती वाफ पुढे जगभर कशी पसरली, हे महिनोन्‌महिने पाहता आलं, कारण सतरा वर्षांच्या ओळखीचं उपकरण जागेवर होतं.

मान्सूनचंही असंच. जुलै-ऑगस्टमध्ये तिबेट आणि उत्तर भारतावर, 16 किलोमीटरच्या आसपास, एक प्रचंड भोवरा बसलेला असतो. खालची दूषित हवा ढगांबरोबर वर चढून त्यात अडकते, आणि एमएलएसच्या नकाशात तिथला कार्बन मोनॉक्साइड दरवर्षी उठून दिसतो. हैदराबादच्या टीआयएफआर फुगा केंद्रावरून इस्रो आणि नासा यांनी मिळून सोडलेले फुगे याच भोवऱ्याच्या शोधात गेले होते.

या साऱ्याखाली उपग्रहाचा रोजचा प्रपंच चालू असतो. मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्रातून आज्ञा जातात, अलास्का आणि स्वालबार्ड इथल्या अँटेनांवर मापनं उतरतात. कक्षेचा कल ढळू नये म्हणून ठरावीक काळाने इंजिनं पेटवायची, भंगाराचा एखादा तुकडा जवळून जाणार असेल तर वाट बदलायची. अलीकडच्या वर्षांत इंधन राखून ठेवण्यासाठी कलाची दुरुस्ती थांबवली गेली, त्यामुळे ते पावणेदोनचं वेळापत्रकही सरकू लागलं. सौरपंखाची वीज घटत चालली होती आणि 2026 च्या सुमारास ती अपुरी पडेल, असा नासाचा अंदाज होता. 190 गिगाहर्ट्झचा थकलेला भाग तर 2024 पासून महिन्यातले मोजकेच दिवस चालवण्यात येऊ लागला. 1991 च्या यूएआरएस उपग्रहावर याच कुळातलं थोरलं उपकरण होतं. त्याचा पाण्याची वाफ मोजणारा भाग एप्रिल 1993 मध्येच गेला होता. हा त्यापेक्षा कितीतरी टिकला.

ओमीला वारस आहे. 2017 मध्ये गेलेला युरोपचा ‘ट्रोपोमी’ बारीक नजरेचा आहे, आणि दोघांनी बरीच वर्षं एकत्र मोजल्यामुळे जुनी मालिका नव्याला नीट जोडता आली. एमएलएसच्या तोडीचा, रोज हजारो ठिकाणी रात्रंदिवस मोजणारा सोबती मात्र त्याच्या हयातीत वर गेला नाही. याचं मला वाईट वाटतं. मधे खंड पडला तर नव्या उपकरणाला जुन्याशी ताडून घेता येत नाही, आणि मग बोल्डर, हिलो आणि लॉडरच्या फुग्यांवरच सगळी भिस्त येते. तोवर जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत जुन्या मापनांचं काम चालू राहील. हर्डल्स बंद पडल्यावरही त्याच्या आकड्यांतून प्लास्टिकच्या अस्तराची छाया काढून टाकण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललंच होतं.