चाळिशीनंतरची देहबोली



मान खाली घालणे, नजर चोरणे, पाठ फिरवणे, नाक मुरडणे, कपाळाला आठ्या घालणे, हात चोळत बसणे. आपल्या बोलीतले हे वाक्प्रचार पाहिले म्हणजे लक्षात येते की, देहबोली हा शब्द आपल्या आजी-आजोबांना माहीत नसेल, परंतु तिचे व्याकरण त्यांना पुरते ठाऊक होते. शब्दांवाचून शरीर जे सांगते ती देहबोली. उभे राहणे, बसणे, चालणे, नजर, चेहऱ्यावरचे भाव, हातांच्या हालचाली, दोन माणसांमधले अंतर, आवाजाची पट्टी आणि अंगावरचे कपडेसुद्धा तिच्यात येतात. या विषयावर व्यक्तिमत्त्व विकासाची पुष्कळ पुस्तके बाजारात मिळतात. पण बहुतेक पुस्तके पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणांसाठी लिहिलेली असतात. ज्यांची चाळिशी उलटली, ज्यांचे अंग एका वळणाला पडून गेले, त्यांनी काय करावे हे कोणी फारसे सांगत नाही. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे. विद्यार्थ्यांनीही तो वाचावा, कारण घरी त्यांना अशीच माणसे रोज भेटतात.

माझे या विषयाकडे लक्ष गेले ते फजितीमुळे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी खात्यांतर्गत बढतीच्या मुलाखतीला बसलो. सर्व प्रश्नांची उत्तरे आली, तरी निवड झाली नाही. पुढे काही दिवसांनी समितीतील एका सद्गृहस्थांनी आपुलकीने सांगितले, "तुम्हाला सगळे येत होते, पण प्रत्येक उत्तर तुम्ही माफी मागितल्यासारखे दिलेत." घरी आल्यावर हे बोलून दाखवले, तेव्हा माझी मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, तुम्ही खुर्चीवर पूर्ण बसताच कुठे? नेहमी कडेला टेकता." मी खाली पाहिले. खरोखरच मी कडेला टेकलो होतो, आणि तेही माझ्या स्वतःच्या घरात!

माझे वडील असेच बसत. त्यांचे वडील तर गावात कोणासमोर बसतच नसत.

आपल्या समाजाच्या बाबतीत हा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. उंची, अंतर आणि नजर यांचे नियम आपल्या पूर्वजांना सक्तीने शिकवले गेले. धनी ओट्यावर बसलेला, आपला माणूस खाली अंगणात उभा, कमरेत वाकून जोहार घातलेला. ही देहबोली पिढ्यान्पिढ्या अंगात मुरवली गेली. कायदा बदलला, शिक्षण आले, नोकऱ्या आल्या, पण मुलगा बापाकडे पाहून बसायला शिकतो आणि बाप आपल्या बापाकडे पाहून शिकलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे अचूक ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना सांगितले की, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पायांपर्यंत नेसा आणि ज्यांवरून जात ओळखू येते असे जाडजूड दागिने टाका. पाण्याच्या हक्काच्या लढ्यात लुगड्याची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु वेश हे न बोलता केलेले निवेदन असते, आणि ते निवेदन काय असावे हे यापुढे आपण ठरवू, असाच त्या सांगण्याचा अर्थ होता.

भिक्षूंच्या विनयात सेखिय नावाचे पंचाहत्तर नियम आहेत. त्यांतील कित्येक नियम चालणे, बसणे, पाहणे यांविषयीचे आहेत. त्यांतला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. ऐकणारा उंच आसनावर असताना स्वतः खालच्या आसनावर बसून त्याला धम्म सांगू नये. ऐकणारा बसला असताना आपण उभे राहून सांगू नये. तो पुढे आणि आपण मागे, असे चालत सांगू नये. ऐकणारा आजारी असेल तर मात्र सूट आहे. सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची जागा कशी आहे यावरून सांगितलेल्या गोष्टीचे वजन ठरते, ही जाण यात दिसते. गावात जाताना भिक्षूने नजर खाली ठेवावी असेही तेथे सांगितले आहे. नजर खालीच, परंतु ती संयमाने खाली ठेवलेली. आमच्या आजोबांची नजर भीतीने खाली गेलेली होती. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, म्हणूनच देहबोलीचा अर्थ लावताना घाई करू नये.

परदेशी पुस्तकांवरून केलेल्या पुस्तिकांत अशी घाई नेहमी दिसते. "हाताची घडी म्हणजे मनाचे दार बंद" असे त्यांत ठामपणे लिहिलेले असते. आता आपल्या मराठी शाळा आठवा. "हाताची घडी, तोंडावर बोट!" असे गुरुजी म्हणाले की सारा वर्ग शांत. आपल्याकडचा पन्नाशीचा गृहस्थ मुलाच्या प्राचार्यांसमोर हाताची घडी घालून बसतो तो अढीमुळे नव्हे, मोठ्यांपुढे असेच बसायचे असते हे पहिलीत शिकला म्हणून. पण समोरचे प्राचार्य तिशीचे असतील आणि त्यांनी तीच पुस्तिका वाचली असेल, तर त्यांना हा पालक हट्टी वाटेल. अशा वेळी हात मांडीवर किंवा टेबलावर मोकळे ठेवणे सोयीचे, एवढेच.

त्याच पुस्तिकांत आणखी एक आकडा असतो: संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो आणि शब्दांना फक्त ७ टक्के किंमत असते. विद्यार्थ्यांनी हा आकडा भाषणात वापरू नये. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून तो आला. तेथे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच विचारले होते. व्याख्यान, मुलाखत किंवा अर्जावरची सुनावणी यांना तो लागू होत नाही. दोन मिनिटे ऐटीत उभे राहिले की शरीरातील संप्रेरके बदलतात, हा २०१० मध्ये गाजलेला दावाही २०१५ मध्ये अधिक माणसांवर तपासला तेव्हा टिकला नाही. तसे उभे राहून काहींना धीर आल्यासारखे वाटले, इतकेच खरे.

मग चाळिशीनंतर नेमके काय बिघडते? पुष्कळदा कारण स्वभावात नसून शरीरात असते. आपण चष्म्यालाच चाळिशी म्हणतो ते उगीच नाही. या वयाच्या आसपास डोळ्यांतील भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अक्षर अंधुक दिसते. माणूस डोळे बारीक करतो, कपाळाला आठ्या पडतात, कागद लांब धरून मान मागे नेतो. समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वाटते, साहेब रागावले. घरी मूल प्रगतिपुस्तक घेऊन उभे असते, त्यालाही तेच वाटते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ 'खडूस' म्हणून प्रसिद्ध होते. नवा चष्मा लागल्यावर त्यांचा खडूसपणा बराच कमी झाला.

कानांचे दुखणे याहून लपून राहते. वयाप्रमाणे बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखे वर्ण निसटतात, त्यामुळे आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. मग माणूस उगाच हसून मान डोलावतो, किंवा उत्तर न देता दुसरीकडे पाहतो. लोक म्हणतात, यांना आता मोठेपणा आला आहे. वारंवार "काय?" विचारावे लागत असेल तर लाजू नये, कान तपासून घ्यावेत.

तिसरी गोष्ट पाठीची. वर्षानुवर्षे टेबलावर, शिवणयंत्रावर किंवा हल्ली मोबाइलवर वाकून मान पुढे येते आणि खांदे गोल होतात. भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून किंचित पुढे ठेवून उभे राहा. हनुवटी न उचलता डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज लागते का, ते पाहा. लागत नसेल तर रोज थोडा वेळ याच स्थितीत उभे राहण्याचा सराव करावा. मात्र जोर करू नये आणि दुखल्यास थांबावे. भगिनींच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होऊन मणके दबू शकतात आणि पाठीला बाक येतो. अशा बाईला "ताठ उभी राहा" म्हणून टोचणे निर्दयपणाचे आहे, तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. चालताना एकाच बाजूचा हात हलेनासा झाला, किंवा चेहरा भावशून्य दिसू लागला, तर तेही डॉक्टरांना दाखवावे. तो कंपवाताचा आरंभ असू शकतो.

डोळे, कान, पाठ पाहून झाले की उरते ती सवय. येथे सतिपट्ठान सुत्तातील चार इरियापथ उपयोगी पडतात: चालणे, उभे राहणे, बसणे, पडणे. यांपैकी जे चालले असेल ते जाणावे, असे तेथे सांगितले आहे. पुढे पाहणे, वळून पाहणे, हातपाय आखडणे-पसरणे हेही जाणून करावे. ते मुलाखतीसाठी सांगितलेले नाही, याची मला कल्पना आहे. परंतु जी सवय दिसत नाही ती सुटत नाही, हा अनुभव आहे. मी पहिले काही आठवडे काहीच सुधारले नाही, नुसते पाहिले. केव्हा मी कडेला टेकतो? बँकेत व्यवस्थापकांसमोर, मुलीच्या शाळेत, दवाखान्यात. सोसायटीच्या चौकीदाराशी बोलताना मात्र टेकत नाही! आपले अंग माणूस पाहून बदलते हे कळल्यावर मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. नंतर एकच बदल धरला: बसताना पाठ खुर्चीच्या पाठीला लावायची. एका वेळी एकच. नजर, हात, आवाज सारे एकदम सुधारायला गेले की माणूस कवायत करत असल्यासारखा दिसतो.

नजरेची बाब पुढे घेतली. टक लावून पाहणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात आणि ते बरोबरच आहे. समोरचा बोलू लागला की त्याच्याकडे पाहावे आणि आपले वाक्य संपताना पुन्हा पाहावे. मधल्या वेळी नजर इकडेतिकडे गेली तरी चालते. माझी वाक्ये शेवटाला जमिनीकडे जात आणि आवाजही तिकडेच जाई. "माफी" बहुधा तेथेच ऐकू आली असावी. २०२० नंतर पुष्कळ मुलाखती आणि सभा संगणकावर होऊ लागल्या. तेथे पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिले तर पलीकडच्याला आपली नजर खाली वाटते, म्हणून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर यावा इतकी पुस्तके खाली रचावीत आणि महत्त्वाचे वाक्य कॅमेऱ्याकडे पाहून बोलावे.

आपल्या सभांतही पाहण्यासारखे आहे. भगिनी दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसतात आणि बोलायला उठल्या तर पदर तोंडावर जातो. त्यांना "पुढे या" म्हणून सांगून भागत नाही, कारण पुढच्या खुर्च्यांवर आधीच पुरुष पसरलेले असतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या दोन रांगा मोकळ्या ठेवून पाहाव्यात. ध्वनिक्षेपकाची उंचीही प्रत्येक वक्त्याप्रमाणे बदलावी. उंच माणसासाठी लावलेल्या माईकसमोर बुटक्या विद्यार्थिनीला टाचा उंचावून बोलावे लागते, आणि मग ती घाबरली असे आपणच म्हणतो.

दुसऱ्या वेळी मी एकोणपन्नासाव्या वर्षी मुलाखत दिली आणि निवड झाली. खुर्चीमुळे झाली असे मी म्हणणार नाही, त्या वर्षी जागाही जास्त होत्या. सवय अजून पुरती गेलेली नाही. गेल्या जयंतीला व्यासपीठावर बसलो होतो. समोर तिसऱ्या रांगेत मुलगी होती. ती माझ्याकडे पाहत स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटे वाजवू लागली. मी मागे सरकून बसलो.